धुराच्या नळीचा इतिहास

इतिहास शिकविणाऱ्या माणसाच्या दारीं लोक काय काय घेऊन येतील याचा नेम नाहीं. कोणी गंजलेलीं नाणीं आणतो, कोणी वाळवीनें खाल्लेलें मोडी दप्तर आणतो, तर कोणी आजोबांची तरवार घेऊन येतो आणि ती पानिपतावरून परत आली असें मीं लेखी द्यावें असा आग्रह धरतो. तीस वर्षें ह्या व्यवसायांत काढल्यामुळें आतां मला त्याचें आश्चर्य वाटत नाहीं. परंतु गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टींत माझा एक जुना विद्यार्थी गोणपाटांत गुंडाळलेली जी वस्तु घेऊन आला, तिनें मात्र मला क्षणभर चकित केलें. ती हातभर लांबीची, बिडाची एक नळी होती. अंगावर तांबूस गंज, एका बाजूस चार तोंडें, आणि मागचें टोंक किंचित् खालीं झुकलेलें. तिच्याबरोबर एक पत्र्याची डबी होती व डबींत तांब्याच्या पत्र्यानें मढविलेल्या कांहीं चकत्या होत्या.

त्याच्या पणजोबांनीं १९२४ सालीं फोर्ड कंपनीची ‘टी’ नमुन्याची मोटार घेतली होती. ती वाड्याच्या मागच्या पडवींत दोन पिढ्या पडून राहिली. आतां तिला पुन्हा रस्त्यावर आणण्याचा त्यानें संकल्प केला होता. “सर, गाडी मूळची होती अगदीं तशीच उभी करायची आहे,” तो म्हणाला. “ही नळी आणि ह्या चकत्या तिच्याच आहेत. मिस्त्री म्हणतो, दोन्ही टाकून द्या. तुम्हींच आम्हांला शिकवलेंत कीं जुन्या कागदांतलें एक अक्षरसुद्धां बदलूं नये. मग मीं काय करावें?”

प्रश्न सरळ होता; परंतु त्याचें उत्तर देण्यापूर्वीं मला त्या नळीची हकिकत जाणून घ्यावी लागली. ती येथें वाचकांपुढें ठेवीत आहें. तींत राजे नाहींत, लढाया नाहींत. तथापि मनुष्यांचे प्राण मात्र आहेत.

मोटारीच्या इंजिनांत पेट्रोलचा स्फोट झाल्यावर जो जळका वायु उरतो त्याला बाहेर जाण्यास वाट हवी. कार्ल बेंझ यानें २९ जानेवारी १८८६ रोजीं ज्या तीनचाकी गाडीचें पेटंट मागितलें तिच्या इंजिनाला एकच सिलिंडर होता. एक सिलिंडर, एक धुराडें, इतका सोपा हिशेब होता. पण लोकांस अधिक वेग हवासा झाला, आणि सिलिंडर एकाचे दोन व दोहोंचे चार झाले. १९०१ सालीं मेबाख यानें रचलेली चार सिलिंडरांची ‘मर्सेडिस’ रस्त्यावर आली तेव्हां पुढच्या गाड्यांचा सांचाच जणूं ठरून गेला. आतां चार तोंडांतून निघणारा धूर एका वाटेला लावणें भाग होतें. हें काम करणाऱ्या नळीला आपले कारागीरही ‘मॅनिफोल्ड’ ह्या इंग्रजी नांवानेंच ओळखतात. चार ओढे घेऊन एक नदी व्हावी तसें तिचें रूप असतें. फरक इतकाच कीं ह्या नदींतून पाण्याऐवजीं जाळ वाहतो.

१ ऑक्टोबर १९०८ रोजीं फोर्ड कंपनीनें आपला ‘टी’ नमुना बाजारांत आणला. त्यापूर्वीं अनेक गाड्यांचे सिलिंडर जोडीजोडीनें ओतीत असत. ह्या गाडीचे चारही सिलिंडर बिडाच्या एकाच ठोकळ्यांत ओतलेले होते व वरचें झांकण सुटें होतें. आरंभीं ह्या गाडीची किंमत ८५० डॉलर होती. १९१३ सालीं हायलंड पार्क येथील कारखान्यांत सरकत्या सांखळीवर गाडी जुळविण्याची पद्धति सुरू झाली, आणि सांगाडा जुळविण्यास जेथें बारा तासांहून अधिक वेळ लागे तेथें तो वर्षभरांत दीड तासावर आला. १९२५ सालीं दोन माणसांची साधी गाडी २६० डॉलरांस मिळूं लागली. १९२७ च्या मे महिन्यांत हा नमुना बंद झाला तोंवर दीड कोट गाड्या बाहेर पडल्या होत्या. ब्रिटिश साम्राज्यांतील बहुतेक देशांना, व त्यांत हिंदुस्थानालाही, त्या फोर्डच्या कानडा देशांतील कंपनीकडून येत. १९२६ सालीं कंपनीनें मुंबईस आपली शाखा काढली. परंतु पणजोबांची गाडी त्याच्याही अगोदरची.

ह्या दीड कोट गाड्यांपैकीं प्रत्येकीच्या इंजिनाच्या उजव्या अंगास एक बिडाची नळी होती. तिच्यापुढें एक मोठी अडचण उभी होती, ती अशी. बीड तापलें कीं एका अंशाला आपल्या लांबीच्या दहा लक्षांशांपैकीं सुमारें अकरा भाग वाढतें. ऐकण्यास हें क्षुल्लक वाटतें. पण नळी अर्धा मीटर लांब आहे आणि ती पांचशें अंशांनीं तापली असें धरा, म्हणजे ती पावणेतीन मिलिमीटर लांब होते. उलट ज्या ठोकळ्याला ती जोडलेली आहे त्याच्या पोटांत पाणी खेळत असल्यामुळें तो उकळत्या पाण्याहून फारसा अधिक तापत नाहीं, आणि अर्ध्या मिलिमीटरापलीकडे वाढत नाहीं. म्हणजे एकमेकांस घट्ट बांधलेल्या दोन वस्तूंपैकीं एक दोन मिलिमीटरांहून अधिक पुढें जाऊं पाहते व दुसरी जागीं राहते. अशा वेळीं बंधन सैल तरी हवें, नाहीं तर कोणी तरी तुटलेंच पाहिजे.

आपल्या खेड्यांतल्या लोहारास ही गोष्ट कोणी पुस्तकांतून शिकविली नाहीं. गाडीच्या चाकाची लोखंडी धांव तो गोवऱ्यांच्या जाळांत तांबडी करतो, ती फुगली कीं चाकावर चढवितो, आणि वर पाणी ओततो. निवतांना ती अशी आवळते कीं बारा आऱ्या जागच्या हालत नाहींत. लोहारानें लोखंडाच्या वाढण्याचा उपयोग करून घेतला. फोर्डच्या कारागिरांना तिच्यापासून बचाव करावयाचा होता. त्यांनीं युक्ति योजिली ती साधी होती. नळीला भोंकें पाडून ती ठोकळ्याला आवळून टाकण्याऐवजीं त्यांनीं तिला बाहेरून चापांनीं दाबून धरलें. शेजारची, हवा-पेट्रोल आंत नेणारी नळीही त्याच चापांखालीं आली. प्रत्येक तोंडाशीं एक पोलादी वळें बसविलें, कीं नळी आपल्या जागेवरून सरूं नये. आणि सांध्यांतून धूर फुटूं नये म्हणून वळ्यावर तांब्यानें मढविलेली ॲस्बेस्टॉसची चकती चढविली. चापाखालीं नळीला किंचित् सरकण्यास मोकळीक राहिली. मागचें टोंक मात्र एका मोठ्या नटानें लांब धूरनळीस जोडलें गेलें, आणि तिचा भार अर्थातच त्या टोंकावर आला.

येथवर सारें ठीक होतें. परंतु बिडाचा आणखी एक स्वभाव त्या काळीं नुकताच कळूं लागला होता. अमेरिकेंत औटरब्रिज ह्या संशोधकाला विसाव्या शतकाच्या आरंभीं असें आढळलें कीं, बीड वारंवार तांबडें करून निवविलें तर तें निवल्यावरही पूर्वीच्या मापावर परत येत नाहीं. दर खेपेस थोडें मोठेंच राहतें. मँचेस्टरच्या रूगन व कार्पेंटर ह्या दोघांनीं १९०९ सालीं, म्हणजे ‘टी’ गाडी बाजारांत आल्याला वर्ष होतें न होतें तोंच, ह्या वाढीवर एक विस्तृत निबंध प्रसिद्ध केला. बिडांतील कार्बनचा कांहीं भाग लोखंडाशीं संयोग पावलेला असतो. तापविल्यावर तो सुटा होऊन त्याचें शिसपेन्सिलींतल्यासारखें ग्राफाइट बनतें व अधिक जागा अडवितें. शिवाय ह्या ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या वाटेनें जळका वायु आंत शिरतो व लोखंडाला पोटांतून गंजवितो. अशा रीतीनें वाढलेलें बीड वाढतें तितकेंच ठिसूळही होतें.

ह्या दुखण्यास मालकांची एक संवयही कारण होई. ‘टी’ गाडींत ठिणगी लवकर पाडावी कीं उशिरां, हें सुकाणूखालच्या एका दांड्यानें चालकानेंच ठरवावयाचें असे. गाडी सुरू करतांना ठिणगी उशिरां ठेवावी लागे. न ठेवल्यास हातानें फिरवावयाचा दांडा उलट मारून मनगट मोडी. पण सुरू झाल्यावर दांडा पुढें ओढण्यास चालक विसरला, कीं पेट्रोल सिलिंडरांत जळण्याऐवजीं अर्धवट जळत नळींत येई, आणि रात्रीच्या अंधारांत नळी तांबडी दिसूं लागे. तांबडें झालेलें बीड मऊ पडतें. मागच्या टोंकावर भार आहेच. तें हळूहळू खालीं झुकतें. माझ्या विद्यार्थ्यानें आणलेल्या नळीचें टोंक झुकलेलें होतें तें ह्यामुळें. तिचा तो बांक म्हणजे जणूं पणजोबांच्या हांकण्याची रोजनिशीच होती.

तिच्याविषयीं अधिक वाचून झाल्यावर आम्ही दोघे मिळून मिस्त्रींकडे गेलों. मिस्त्री साठीचे, शाळा अर्धवट सुटलेली, पण हात विद्वान्. त्यांनीं नळी दोरीला टांगली आणि लहान हातोडीनें तिला टिचकी दिली. चांगलें बीड घंटेप्रमाणें ठणकतें. ही नळी भद्द वाजली. “ऐका, प्रोफेसरसाहेब,” ते म्हणाले, “हिचा आवाज फुटला आहे.” मग त्यांनीं ती पुसून तिच्यावर घासलेट लावलें, घटकाभर मुरूं दिलें, पुन्हा कोरडी पुसली आणि वरून खडूची पूड फांसली. पांढऱ्या पुडींतून एक बारीक ओली रेघ हळूहळू उमटली. तिसऱ्या व चौथ्या तोंडांच्या मध्यें तडा होता. ताम्रपटावरचीं झिजलेलीं अक्षरें उजळण्याचा प्रयत्न मीं जन्मभर केला; परंतु इतका निर्विवाद पाठ मला क्वचितच लाभला असेल.

तडा जोडतां येत नाहीं असें नाहीं. बीड आधीं सावकाश तापवून, निकेलच्या कांडीनें डाग देऊन, राखेंत निववीत ठेवलें तर सांधा टिकतो. पितळेचा डाग मात्र येथें निरुपयोगी; ह्या उष्णतेपुढें त्याचा जोर राहत नाहीं. बांकही तापवून सरळ करतां येतो. परंतु आंतून वाढलेलें व गंजलेलें बीड पुन्हा तरुण होत नाहीं. एका ठिकाणीं सांधलें तर तें दुसऱ्या ठिकाणीं फुटतें. ‘टी’ गाडीच्या नळ्या आजही नव्यानें ओतून विकत मिळतात.

बसविण्याची रीत मिस्त्रींनीं आम्हांस दाखविली ती अशी. प्रथम ठोकळ्याचीं तोंडें स्वच्छ करावीं. मग नळीच्या चारही तोंडांवर सरळ पोलादी पट्टी धरून खालून पातळ पत्ती जाते कीं काय तें पाहावें. फट असेल तर यंत्रावर तोंडें सपाट करून घ्यावीं. चाप आवळून वांकडी नळी सरळ करूं पाहणें म्हणजे तिला मोडण्याचें आमंत्रण देणें होय. वळीं व चकत्या नीट बसल्यावर नट प्रथम बोटांनींच लावावे, नंतर मधल्या चापांपासून कडेकडे थोडथोडे आवळीत जावें. मागची लांब नळी आपल्या आधारांवर स्वतंत्र उभी आहे, मॅनिफोल्डला ओढीत नाहीं, ह्याची खात्री करूनच तिचा नट फिरवावा. इंजिन एकदां चांगलें तापवून पूर्ण निवूं द्यावें, आणि मग सारे नट पुन्हा तपासावे. “फार आवळूं नका,” मिस्त्री दोनदां म्हणाले. “धरून ठेवायची, दाबून मारायची नाहीं.”

सांधा फुटला तर थंड इंजिनांतून टिकटिक ऐकूं येते व सांध्याशीं काजळीची रेघ दिसते. कित्येकदां तापल्यावर फट मिटते आणि आवाज थांबतो. मालकास वाटतें, दुखणें गेलें. परंतु त्या फटींतून जो वायु येतो त्यांत कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाहीं, वास नाहीं. रक्तांत प्राणवायूची जागा तो बळकावतो, आणि मनुष्य झोंप लागावी तसा मरतो. ‘टी’ गाडीच्या कांहीं मालकांनीं थंडीच्या दिवसांत बसणाऱ्यांस ऊब मिळावी म्हणून ह्याच नळीभोंवतीं पत्र्याचें कवच घालून तिची तापलेली हवा पायांशीं आणली होती. अशा गाडींत फुटका सांधा म्हणजे विषाची वाटच. न्यूयॉर्क शहरांत हडसन नदीखालून मोटारींसाठीं बोगदा खणण्याचें ठरलें, तेव्हां ह्या वायूचा प्रश्न प्रथमच मोठ्या प्रमाणावर अभ्यासावा लागला. येल विद्यापीठांतील हेंडरसन व हॅगर्ड ह्यांनीं बंद खोलींत स्वतःवर व इतरांवर प्रयोग करून ठरविलें कीं, तासाभराच्या मुक्कामास दहा हजारांत चार भागांपर्यंत हा वायु सोसतो. त्या मापावर हवा खेळविण्याची योजना आंखून हॉलंड बोगदा १९२७ च्या नोव्हेंबरांत खुला झाला.

म्हणजे चकती घट्ट बसलीच पाहिजे. आणि चकती घट्ट बसावी म्हणूनच तिच्या पोटांत ॲस्बेस्टॉस घातलेलें होतें. तें जळत नाहीं, दबतें, आणि दोन वांकड्या तोंडांमधली उणीव भरून काढतें. त्या काळीं कोणासही तें वरदानच वाटलें असेल. परंतु ज्या वर्षीं आमच्या पणजोबांनीं गाडी घेतली त्याच १९२४ सालीं, इंग्लंडांत रॉचडेल येथें नेली केरशॉ नांवाची एक बाई फुप्फुसाच्या रोगानें वारली. वय अवघें तेहतीस. ती ॲस्बेस्टॉसचें सूत कांतणारी कामगार होती. डॉक्टर कुक ह्यांनीं तिच्या फुप्फुसांत ते तंतू पाहिले व त्याच वर्षीं तें प्रसिद्ध केलें. १९२७ सालीं त्या रोगाला ‘ॲस्बेस्टॉसिस’ हें नांव मिळालें. १९३० सालीं मेरीवेदर व प्राइस ह्या दोघां सरकारी अधिकाऱ्यांचा अहवाल आला व पुढल्या वर्षीं ब्रिटनमध्यें कारखान्यांसाठीं नियम झाले. केरशॉ बाईच्या थडग्यावर मात्र नांवाचा दगडही नव्हता.

मीं ती डबी हातांत घेऊन बराच वेळ बसलों. तांब्याच्या पत्र्याला अजून चकाकी होती. आपण ‘फोर्डची गाडी’ म्हणतों आणि एका माणसाचें नांव घेऊन मोकळे होतों. पण ही नळी ज्यांनीं ओतली ते कामगार भट्टीच्या धगींत व वाळूच्या धुळींत उभे होते. रूज नदीवरच्या पुढल्या प्रचंड कारखान्यांत तर कृष्णवर्णीय मजुरांच्या वांट्यास बहुतेक हीच ओतशाळा येई, कारण तीच सर्वांत कष्टाची जागा होती. चकतींतलें सूत अशाच कुठल्या तरी बाईनें कांतलें. त्यांची नांवें त्या नळीवर कोरलेलीं नाहींत.

मग मीं विद्यार्थ्यास माझें उत्तर सांगितलें. जुन्या कागदांतलें अक्षर बदलूं नये, हें मीं शिकविलें तें खरें. कारण कागद हा साक्षीदार आहे, आणि साक्षीदाराच्या तोंडीं आपले शब्द घालणें हें पाप आहे. परंतु तुला गाडी कपाटांत ठेवावयाची नाहीं, तींत मुलांना बसवावयाचें आहे. फुटकी नळी बसवून तूं भूतकाळाशीं इमान राखलें असें होणार नाहीं. भूतकाळाची चूक मात्र नव्यानें करशील. ज्यांना ॲस्बेस्टॉसचें विष ठाऊक नव्हतें त्यांना क्षमा आहे. आपल्याला ठाऊक आहे, म्हणून आपल्याला ती नाहीं.

तो कांहीं वेळ गप्प राहिला. “मग जुनी नळी भंगारांत द्यायची?” त्यानें विचारलें. त्या आवाजांत पणजोबा होते.

“मुळींच नाहीं,” मीं म्हटलें. “साक्षीदाराला घरीं जपून ठेव. फक्त त्याच्याकडून ओझीं वाहवून घेऊं नकोस.”

तसेंच झालें. ठोकळ्याला चिकटलेले जुन्या चकत्यांचे अवशेष तारेच्या ब्रशानें खरवडण्याऐवजीं मिस्त्रींनीं ते पाण्यानें भिजवून, तोंडाला योग्य मुखपट्टी बांधून, ओले असतांनाच काढले आणि प्लॅस्टिकच्या पिशवींत बंद केले. डबीलाही तशीच मोहोर लागली. नवी नळी आली; तिच्यासाठीं ॲस्बेस्टॉस नसलेल्या तांब्याच्या चकत्या आल्या. जुन्या नळीला तेल लावून ती दिवाणखान्यांतल्या कांचेच्या कपाटांत ठेवली, आणि तिच्या तड्याशेजारीं मीं लिहून दिलेली चिठ्ठी आहे. तींत गाडीचें साल आहे, नळी कशानें झुकली व कोठें फुटली तें आहे, आणि डबीविषयीं एक वाक्य आहे: ‘ही उघडूं नये, आंत काय आहे तें कांतणाऱ्या स्त्रिया त्यानें मेल्या.’

इंजिन प्रथम सुरू झालें तेव्हां घरचीं सारीं माणसें अंगणांत जमलीं होतीं. मिस्त्रींनीं सांध्यांजवळ कान नेला. टिकटिक नव्हती. मुलांनीं टाळ्या पिटल्या आणि लगेच गाडींत बसण्याचा हट्ट धरला. पण मिस्त्रींनीं इंजिन बंद केलें व कोणास बसूं दिलें नाहीं. “उद्यां,” ते म्हणाले. “आज तापली आहे. निवेल, आपल्या जागीं बसेल, मग मीं एकदां नट पाहीन.”

दुसऱ्या दिवशीं सकाळीं ते आले तेव्हां दोन नट पाव फेरा सैल झालेले निघाले.